त्या केळीच्या पावतीबद्दल, डॉक्टर ताई

डॉक्टर ताई, नमस्कार.

चोपड्याहून एस.टी.नं नानांना जळगावला आणलं, त्या दिवशी आम्ही आशा सोडलेलीच होती. गालातल्या चट्ट्यावर दोन महिने मलम देणाऱ्यानं एकदाही मान चाचपली नव्हती. जबड्याखाली गाठ आल्यावर दुसऱ्याकडे नेलं, तर ते मला म्हणाले, "कॅन्सर मानेत उतरलाय. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला." नाना शेजारीच बसलेले. ऐकू येत होतं त्यांना.

तुम्ही पहिला शब्द बोललात तो माझ्याशी नाही, नानांशी. त्यांच्या खिशातली केळीच्या वजनकाट्याची पावती मागून घेतलीत, मागच्या कोऱ्या बाजूला मान काढलीत, तिच्यावर ठिपके दिलेत. "काका, हाताला एकच गाठ लागते, पण आजूबाजूच्याही काढून तपासू. किती गाठींत गेलाय, गाठ केवढी, आवरण फोडून बाहेर पडलाय का, यावर पुढचं ठरतं." मानेत गेला की बरं होण्याची आशा जवळपास निम्म्यावर येते, हेही लपवलं नाहीत. पण मानेत येणं म्हणजे अंगभर पसरणं नव्हे, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नाना ठिपक्यांवर बोट फिरवत म्हणाले, "आते माले समजनं."

ऑपरेशनचे दिवस कसेबसे गेले. रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही तीच पावती मागितलीत. ३१ गाठी तपासलेल्या. तुम्ही एकच ठिपका पेनानं भरलात आणि शेजारी लिहिलंत, 'दोन सेंटिमीटर, आवरण शाबूत'. आवरण फुटलेलं असतं तर रेडिएशनच्या शेकासोबत केमोही लागली असती. स्टेज तिसरी, ती त्या एका गाठीमुळे. तिसरी म्हणजे शेवट नव्हे, हे घरी सगळ्यांना नानांनीच समजावलं, पावती हातात धरून.

गुटख्यावरून त्यांना प्रत्येकानं सुनावलं, मीसुद्धा. तुम्ही फक्त "आता सोडा काका" म्हणालात. सोडला त्यांनी.

माणसाचा आजार त्याला स्वतःला सांगायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील. तेवढी आधी कुणाकडे नव्हती. ज्ञान पुष्कळांकडे असेल ताई, पण समोरच्या म्हाताऱ्याला माणूस समजणं आम्हाला तुमच्याकडे दिसलं.

शेक संपला. तोंड आता दोन बोटं उघडतं. परवा नानांनी पिकलेलं केळं कुस्करून न घेता, स्वतः सोलून खाल्लं. आपल्याच बागेतलं होतं.

तुमचा,
नानांचा मुलगा