रामटेकच्या ग्रंथालयातील काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

खासगी पत्र न पाठवता हे उघड पत्र का लिहिते आहे, ते आधी सांगते. लघुप्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे आणि कुलगुरूंचे आभार नावानिशी छापले जातात. ग्रंथालयाच्या वाट्याला मात्र ‘सर्व कर्मचारीवृंद’ एवढे दोनच शब्द येतात आणि त्या दोन शब्दांत तुम्ही मावत नाही. शिवाय निरोप समारंभ नको असे सांगून तुम्ही निवृत्तीच्या दिवशी दुपारच्याच एसटीने गावी निघून गेलात, त्यामुळे चार लोकांसमोर बोलण्याची संधीही आम्हाला मिळाली नाही.

मी कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या नातेवाइकांना त्याचे नवलच वाटले होते. संस्कृत शिकायला लोक पुण्याला नाहीतर काशीला जातात, रामटेकला नवस फेडायला जातात, असे माझी आत्या म्हणाली होती. १९९७ साली स्थापन झालेले राज्याचे संस्कृत विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, कामठी आणि मनसर ओलांडले की येणाऱ्या गावात आहे, हे नागपुरात आजही अनेकांना सांगावे लागते. वर्गात आम्ही मोजकेच होतो. शनिवारी दुपारी काटोल, सावनेर, तुमसरकडच्या मुली घरी गेल्या की वसतिगृह रिकामे व्हायचे आणि मागे राहिलेल्या आम्हा दोघी-तिघींना ग्रंथालयाखेरीज दुसरे ठिकाण नसायचे. छोट्या विद्यापीठाचा खरा लाभ मला तिथे कळला. मोठ्या ठिकाणी विद्यार्थ्याने चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक घ्यायचे, तुम्ही मात्र चिठ्ठी बाजूला ठेवून “नेमके काय शोधता आहात, बाई?” असे विचारायचात आणि त्याचे धड उत्तर मिळाल्याशिवाय कपाट उघडायचे नाहीत.

तुमचे पद परिचराचे होते. पोथ्या वाचायला तुम्ही कुठे शिकलात, हे तुम्ही कधी सांगितले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. परंतु छापील पुस्तकांवर पोसलेल्या आम्हा मुलींसमोर जुन्या पोथीचे पान पहिल्यांदा आले, तेव्हा शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेल्या त्या ओळींत कुठे थांबावे हे आम्हाला कळेना. तुम्ही शेजारी उभे राहून सांगितलेत की, आधी अर्थाच्या मागे लागू नका, लेखकाचा हात ओळखा. त्याचा ‘च’ आणि ‘व’ कसा, ‘थ’ आणि ‘य’ कसा, हे एका कागदावर काढून घ्या आणि मगच वाचायला बसा. पृष्ठमात्रा तर तुमच्यामुळेच समजली. जुने लेखक एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभी रेघ म्हणून काढत. ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजून वाचली, की चांगला सरळ श्लोकही निरर्थक होतो.

पोथीच्या शेवटी लेखनाचा शक आणि संवत्सर सांगणारी जी नोंद, म्हणजे पुष्पिका, असते, ती वाचून तिचा काळ पडताळण्याची जी रीत तुम्ही दाखवलीत, ती मी आजही जवळजवळ रोज वापरते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पण पोथीची नक्कल उतरवणाऱ्याने आकडा चुकवला असेल तर ते कसे कळणार? तुम्ही म्हणालात की, शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल, तितवा संवत्सर, साठ संवत्सरांच्या चक्रातल्या पहिल्या म्हणजे प्रभवापासून मोजावा. पुष्पिकेतले नाव त्याच्याशी जुळले तर आकडा धरावा, नाहीतर संशय ठेवावा. उदाहरण म्हणून तुम्ही शिवराज्याभिषेकाचा शक घेतला होतात. १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, त्याला ६० ने भागल्यावर बाकी ४८ आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. अभिषेक आनंदनाम संवत्सरात झाला हे शाळेपासून पाठ होते, पण ते असे पडताळून पाहता येते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याचे, वा. वि. मिराशींनी संपादित केलेले कोरीव लेख मी मागितले, तेव्हा तुम्ही मला आधी गडावर पाठवलेत. केवल नरसिंहाच्या मंदिरातला शिलालेख पाहून या, मग पुस्तक देतो, असे तुमचे म्हणणे होते. त्या वेळी मला तुमचा राग आला होता (मे महिन्यात रामटेकचा गड चढणे म्हणजे काय असते, ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक). पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या टेकडीवरील देवाच्या, पायांचा उल्लेख येतो, तो वाचताना खिडकीतून तीच टेकडी दिसत होती. अशी सोय पुण्यात किंवा काशीत नाही, असे मी आत्याला नंतर सुनावलेही.

सध्या मी महाल आणि इतवारीतल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या पोथ्यांच्या याद्या करते. माळ्यावरच्या पोथीचा बांधलेला रुमाल सोडला की पाने उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि नव्या वेखंडाची पुरचुंडी घालून पुन्हा घट्ट बांधायची, हे त्या घरच्यांना मी तुमच्याच शब्दांत सांगते. घरच्या मंडळींना त्यातले एकही अक्षर वाचता येत नसते, तरी टाकून द्यायला कोणाचे मन होत नाही. अशा वेळी निदान काळ आणि विषय सांगता आला, तरी त्यांचे समाधान होते.

काका, एक विनंतीही करायची आहे. अक्षरांच्या वळणांचे नमुने आणि साठ संवत्सरांची यादी असलेली तुमची ती निळी वही तुम्ही गावी नेली असल्याचे कळले. ती काही दिवसांसाठी पाठवलीत, तर तिच्या प्रती काढून नव्या विद्यार्थ्यांना देता येतील. पोस्टाने पाठवणे जिवावर येत असेल, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परतही आणून देईन. काकूंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
महालातली विद्यार्थिनी, नागपूर