नाना, ॲव्रोचे फोटो जपून ठेवा

ती. नाना आणि आईला साष्टांग नमस्कार,

फोनवर बोलताना हे सगळं राहूनच जातं म्हणून लिहायलोय. फोटो पण सोबत पाठवलेत, मोठे करून बघा. मागच्या शनिवारी डक्सफर्डला गेलतो. केंब्रिजजवळ आहे, पूर्वी आरएएफचा, म्हणजे ब्रिटिश एअर फोर्सचा तळ होता, 1938 च्या ऑगस्टमधे पहिलं स्पिटफायर लढाऊ विमान इथल्याच स्क्वाड्रनला मिळालं, आता तिथं म्युझियम आहे. कॉन्कॉर्ड, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमान पण आहे, टेस्टिंगचं होतं ते. शेजारून एम 11 हायवे होणार होता आणि त्यात धावपट्टी कापली जाणार होती म्हणून 1977 लाच इथं उतरवून घेतलं, नंतर आणताच आलं नसतं. आत जाता येतं, गर्दी सगळी तिथंच.

पण नाना, मी रमलो ते व्हायकाउंट विमानापाशी. 1948 ला उडालेलं, जगातलं पहिलं टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनानं पंखा फिरवणारं) प्रवासी विमान, आपल्या इंडियन एअरलाइन्सनं पण चालवलंय. त्याला रोल्स-रॉइसची चार डार्ट इंजिनं, आणि आपल्या चिकलठाणा विमानतळावर यायचं त्या ॲव्रो विमानाला तीच दोन! तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभं करून न्यायचात आणि विमान जाग्यावरून हलायच्या आधीच ती कान फाडणारी शिट्टी रस्त्यापर्यंत यायची, आठवतंय नं? त्या इंजिनात हवा दाबणारी दोन चाकं एकामागं एक बसवलेली असतेत, हवा मधून ओढून कडेला फेकणारी, त्याचाच तो आवाज. व्हायकाउंट तिथं गप उभं होतं तरी माझ्या कानात तीच शिट्टी.

आता मुद्द्याचं. पंख्याच्या विमानाचा फोटो काढताना शटर लई फास्ट ठेवलं, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग वगैरे, तर पाती जागच्या जागी थिजतेत आणि उडणारं विमान दोऱ्याला टांगल्यावाणी दिसतं. म्हणून इथले जाणकार शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर नाहीतर त्याच्याहूनही हळू आणतेत आणि विमानासोबत कॅमेरा फिरवत नेतेत, मग पंख्याचं पूर्ण चक्र येतं पण विमान हलत नाही. हात बसायला वर्षं लागतेत. अन् तुमच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याला शटरचा स्पीडच एक, तो पण हळू, तरी तुम्ही काढलेल्या त्या ॲव्रोच्या फोटोत दोन्ही पंख्यांची गोल चक्रं कशी स्वच्छ आलीत, मागं उभ्या माणसाचं धोतर पण उडताना दिसतंय! मी इथं लई फोटो बघतो नाना, मनापासून सांगतो, तसा फोटो माझ्याकडं एक नाही.

दुसरीकडच्या आरएएफ म्युझियममधलं एक टेम्पेस्ट लढाऊ विमान पण भारतातून आलेलं आहे. 1948 च्या हैदराबादच्या पोलीस ॲक्शनमधे आपल्या एअर फोर्सनं टेम्पेस्टच वापरलते. आजोबा सांगायचे नं, जालन्याच्या बाजूनं विमानं गेली की माणसं ज्वारीत जाऊन बसायची, कोणती विमानं ते त्यांना कुठून कळणार. त्याच्यापुढं मी बराच वेळ उभा होतो. आजोबा असते तर फोटो दाखवून विचारलं असतं, हेच का म्हणून.

म्हणूनच तुमच्या जुन्या फोटोंची ती पत्र्याची पेटी जपायची. आपल्याकडं विमानतळावर फोटो काढायला परवानगी लागायची त्यामुळं त्या काळचे साध्या माणसानं काढलेले फोटो फार नाहीत. 1993 च्या एप्रिलमधे चिकलठाण्याला कापसाच्या ट्रकला विमान धडकलं, 55 माणसं गेली, त्यानंतर आईनं तिकडं जाऊच दिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं, तो धूर सगळ्या गावानं बघितलाय. पण मग पेटीतले आहेत तेवढेच. ॲव्रो कानपूरला बनायचं, 1961 ला तिथलं पहिलं उडालं, आता एअर फोर्स पण त्याच्या जागी सी-295 मालवाहू विमानं आणायलीय, म्हणजे हळूहळू ते दिसायचंच बंद.

तर नाना, निगेटिव्ह फेकू नका, पिवळ्या पडल्या असल्या तरी. डांबरगोळ्या काढून टाका पेटीतून. स्टुडिओवाला लॅमिनेशन करून देतो म्हणला तर अजिबात नाही म्हणा. फोटोच्या मागं पेन्सिलनं, हलक्या हातानं, साल आणि कोण उभंय ते लिहा, ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. आणि भिंग घेऊन शेपटीजवळची अक्षरं वाचा, भारतीय विमानाच्या नंबरातली, व्हीटीच्या पुढची तीन. त्यावरून ते विमान कोणतं, कधी बनलं, पुढं कुठं गेलं, सगळं मी इथून शोधतो. स्कॅनर घेऊनच दिवाळीला येतोय, तोपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, येताना आणतो.

तुमचा,
धाकटा