मेणवलीचा घाट हा पळण्याचा ट्रॅक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात पळण्यासाठी नदीकाठचे मार्ग दिले आहेत, त्यात वाई-मेणवली-धोम पहिला आहे. वाचून इतकी चीड आली की काल लिहायला बसलोच नाही. मार्ग निवडल्याबद्दल माझी तक्रार नाही. मी याच काठावर वाढलो, नोकरीतून निवृत्त झाल्यावरही पहाटे इथंच पळतो, आणि कृष्णेच्या काठासारखी दुसरी जागा नाही हे कुणालाही सांगेन. तक्रार आहे ती लेखासोबतच्या नकाशाबद्दल. त्यातली लाल रेघ मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उतरते, घंटेच्या देवळाला वळसा घालते आणि वडांखालून थेट शेतांच्या बांधावर चढते. ही रेघ काढणारा जुलै महिन्यात तिथं कधी गेलेला नाही.

धोम धरणातून विसर्ग सुरू झाला की नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. ती बातमी तुमच्याच जिल्हा पानावर येते. विसर्ग वाढला की घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरलं की दगडावर गाळ आणि शेवाळ उरतं. गावातल्या बायका धुणं घेऊन उतरतात त्यासुद्धा कडेच्या भिंतीला हात लावून. वाईतलं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे ती पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. ही नदी किती चढते हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बाहेरून पहिल्यांदा येणाऱ्या पोराला ते कोण सांगणार? लेखात एक ओळ तरी हवी होती.

पण मी हे पत्र लिहितो आहे ते मागच्या वर्षी जे पाहिलं त्यासाठी. पावसाळ्याच्या शेवटी बाहेरच्या एका ग्रुपनं इथं पळण्याचा कार्यक्रम ठेवला होता. आदल्या संध्याकाळी त्यांची माणसं येऊन खुणा करून गेली. सकाळी बघतो तर घाटाच्या पायरीवर पिवळ्या ऑइलपेंटनं हातभर लांबीचे बाण, आणि वडाच्या खोडांना किलोमीटरच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. वडाचा पांढरा चीक खिळ्याच्या भोवतीनं ओघळून तपकिरी पडला होता. तिथं उभ्या असलेल्या एका तरुणाला विचारलं, तर म्हणाला, "काका, परवानगी घेतलीय." कुणाची, ते त्याला सांगता येईना. कार्यक्रम संपला, पाण्याच्या बाटल्या मात्र त्यांनी गोळा करून नेल्या, ते मी नाकारत नाही. पाट्याही काढल्या. खिळे तसेच राहिले.

नंतर आम्ही गावातले चार-सहा जण तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन बसलो. आपला काळा दगड वरून गुळगुळीत दिसतो, पण जवळून पाहिलं तर त्याला बारीक बारीक भोकं असतात. रंग त्या भोकांत उतरलेला. ब्रश जोरात घासावा तर दगडावर पांढरे ओरखडे उठतात, हळू घासावा तर पिवळा रंग आत तसाच. शेवटी अर्धवट सोडून दिलं. आजही ऊन तिरपं पडलं की ते बाण ओळखू येतात. आयोजकांना पत्र पाठवलं, उत्तर नाही. संबंधित कार्यालयात अर्ज दिला, त्याचंही उत्तर नाही.

आणि तुमचा लेख म्हणतो की मार्गावर 'खुणा केलेल्या आहेत, चुकण्याची भीती नाही'. त्या याच खुणा, संपादक महाराज. त्या तिथं आहेत ही लाजेची गोष्ट आहे, सोय नव्हे.

हा घाट नाना फडणवीसांच्या वाड्याला लागून आहे, अठराव्या शतकातला, चंद्रकोरीसारखा. तिथली घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वसईच्या चर्चमधली घंटा कृष्णेकाठच्या देवळात इतकी वर्षं जपली गेली ती इथं आलेल्या माणसांनी हात आवरता ठेवला म्हणून. तुमच्या लेखात तिच्याबद्दल एवढंच आहे की 'पळून झाल्यावर घंटेपाशी सेल्फी घ्यायला विसरू नका'.

वडांचंही तसंच. सुरूर-वाई रस्त्यावरच्या जुन्या वडांवर आपण सगळेच जीव टाकतो. मग मेणवलीच्या वडाला खिळा ठोकताना हात कसा कचरत नाही? शहरांतल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. पण तो कायदा नागरी भागापुरता. मेणवली ग्रामपंचायतीचं गाव. म्हणजे त्याहून कितीतरी म्हातारा वड तिथं असला तरी त्या कायद्याच्या आधारानं त्याच्यासाठी भांडता येत नाही. याच झाडांवर राखी धनेश पक्षी येतात. उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. त्या दिवसांत झाडाखाली स्पीकर लावून वॉर्मअप घेतला तर काय होत असेल, हे पळणाऱ्यांनीच ठरवावं.

बांधांविषयी तर बोलायलाच हवं. ती वाट सार्वजनिक नाही. शेतकरी आम्हाला जाऊ द्यायचा कारण तो आम्हाला ओळखतो आणि आम्ही एकामागे एक जायचो. त्या कार्यक्रमात पुढे जाण्याच्या घाईत मंडळी हळदीच्या सरीत उतरली. भरणी करून बसवलेल्या वरंब्यांच्या कडा ढासळल्या आणि कंद उघडे पडले. शेतकऱ्यानं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून ती वाट आम्हा गावकऱ्यांनाही बंद आहे.

पळायचं असेल त्यानं जरूर यावं. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, डांबरी रस्ता आहे, पुढे धोमपर्यंत तोच रस्ता नेतो आणि वाटेत झाडी काही कमी नाही. घाटापाशी थांबावं, चपला-बूट काढून पाण्यापर्यंत चालत जावं, परत रस्त्यावर यावं आणि पळावं. पावसाळ्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला की मात्र पहाटे अंगावर चमकणारी पट्टी हवीच, कारण दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा न लावता धावतात. याविषयी मी पूर्वीही तुम्हाला लिहिलं होतं. ते पत्र छापून आलं नाही.

आणखी एक. लेखावर मोठा फोटो आहे, खाली लिहिलं आहे 'मेणवलीचा घाट'. तो वाईचा गणपती घाट आहे. मागे ढोल्या गणपतीचं शिखर स्पष्ट दिसतं. वाईत तुमचा वार्ताहर आहे, त्याला एक फोन केला असता तरी कळलं असतं.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी. नकाशातून घाट आणि बांध काढावेत, विसर्गाच्या दिवसांत नदीकाठी उतरू नये हे ठळक लिहावं, फोटोची ओळ सुधारावी. ज्या ग्रुपनं ते बाण रंगवले त्यांचे लोक तुमची पुरवणी वाचत असतील, तर त्यांनी जाणकार माणूस सोबत आणून दगडातला रंग आणि वडातले खिळे स्वतः काढून न्यावेत. आम्ही मदतीला येऊ.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)