१५ एप्रिल – हिल्सबरो स्मृतिदिन, सगळ्यांनी वाचा

मंडळी, १५ एप्रिलला आपल्या नेहमीच्या जागी संध्याकाळी सातपर्यंत पोचा, कारण १९८९ ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ फॅन्स गेले, ती मॅच तिथल्या दुपारी ३:०६ ला थांबवली होती म्हणजे आपल्याकडचे ७:३६, तेव्हा एक मिनिट शांत उभं राहायचंय. मग त्या ९७ जणांची नावं वाचायची, वयासकट, सगळ्यात छोटा फक्त १० वर्षांचा होता हो, मॅच बघायला गेलेलं पोर! आणि दोष फॅन्सवर ढकलला, ज्युरीने ते खोटं ठरवेपर्यंत २०१६ उजाडलं, त्या घरच्यांची चिकाटी नवीन मेंबर्सना कळायलाच हवी. आपल्या ग्रुपमधले जे गेले त्यांचीही नावं शेवटी घेऊ. लाल जर्सी किंवा स्कार्फ चालेल, घोषणा नकोत. नावं वाचणाऱ्यांनी आजच कळवा.