बोका गेला

प्रिय मित्रा,

फोनच करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला. बोका गेला. मंगळवारी सकाळी.

कुत्र्याला बोका हे नाव तुझंच. पहिले तीन आठवडे तो कॉटखालून बाहेर येईना, नुसते डोळे चमकायचे, म्हणून. ती रात्र आठवते ना? तू पोतं टाकून त्याला दाबून धरलं होतंस आणि मी पक्कडीने त्याच्या मानेत रुतलेली तार कापत होतो. तुझ्या अंगठ्याचा त्याने कडकडून चावा घेतला, तर तू म्हणालास, "दात शाबूत आहेत, बरं झालं कळलं." पुढे तुझ्या रेबीजच्या इंजेक्शनांच्या तारखा आपण कॅलेंडरवर गोल करून ठेवायचो.

मूत्रपिंडं गेली त्याची. आधी फक्त पाणी जास्त प्यायचा, मी म्हटलं उकाडा आहे. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद संपलेली असते. तरी चार महिने काढले आम्ही. रोज संध्याकाळी खांद्यावरची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची, खाली सलाईन सोडायचं. बैलासारखं वशिंड यायचं त्याला! रात्रीतून ते ओघळून एका पायात उतरायचं आणि स्वारी तशीच फेंगडत दारापर्यंत यायची. हसू यायचं रे, खरंच यायचं.

मग खाणं सुटलं. नंतर उठणंही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हाताची भीती घालवायला मला दोन वर्षं लागली, हे तू पाहिलंयस. हात उचलला की तो भिंतीला चिकटायचा. मी जमिनीवर पालथा पडून, तळहात वर करून, तोंड दुसरीकडे फिरवून तासन्‌तास पडून राहायचो. तुम्ही सगळे हसायचात. एके दिवशी तळहातावर हनुवटी येऊन टेकली. त्यानंतर मी धरलं की तो हलायचा नाही. नखं कापा, कान साफ करा, सुई टोचा, जागचा हलायचा नाही.

मंगळवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच धरा, तुमच्या हातात तो शांत असतो." आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग पुढच्या पायावरचे केस भादरून शिरेत दुसरं. त्यांनी आधीच बजावलं होतं, डोळे मिटणार नाहीत, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल, घाबरू नका. तसंच झालं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. हनुवटी माझ्या तळहातावरच होती.

तो हलला नाही, हेच सलतंय. लोक म्हणतात सोडवलंस त्याला. असेल. दुसरा मार्ग नव्हता हे मलाही कळतं. पण दोन वर्षं जमिनीवर पडून जो विश्वास मिळवला, तो शेवटी या कामी आला. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर समजूत घालायला लागतील. तू घालणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

खड्डा मीच खणला. ते औषध शरीरात तसंच राहतं, कुठल्या जनावराने उकरून खाल्लं तर त्यालाही बाधतं, म्हणून खोल पुरायला सांगितलं होतं. छातीइतका खणला. हाताला फोड आलेत, अक्षर त्यामुळे असं.

झाडू दिसला की तो थरथरायचा, म्हणून केर काढायच्या आधी त्याला बाहेर सोडायचो. काल दार उघडून तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

तुझा,
मी

ता. क. तुझ्या अंगठ्यावरचा व्रण अजून दिसतो का? दिसत असेल तर फोटो पाठव.