न जन्मलेल्या वासरांचा हिशेब

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. उत्तराला महिना लागला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

तू विचारलंस, "वळू कोणता ठेवायचा ते माणूस ठरवतो, मग पाळीव जनावरांत नैसर्गिक निवड शोधता तरी कसली?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त.

एखादं जनुक निवडीत पुढे सरकलं की गुणसूत्रावरचा शेजारचा पट्टाही सोबत ओढून नेतं. मग कळपभर तो भाग एकसारखा होतो, विविधतेच्या आलेखात तिथे खड्डा पडतो. असा एक खड्डा सापडला म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. वंशावळ उघडली, तर निम्मी जनावरं एकाच वळूची नातवंडं! निवड कसली, नुसती भाऊबंदकी. आणि खड्डा खरा असला तरी तो माणसाने खणला की निसर्गाने, हे आलेख थोडाच सांगतो?

म्हणून मला खड्ड्यापेक्षा गैरहजेरी जास्त पटते. चीफ नावाचा होल्स्टीन या दुभत्या जातीचा वळू होता, जन्म 1962 चा, अमेरिकेतला. मुली सुमारे 16,000, दुधाला एक नंबर. त्यामुळे त्याचं रक्त सगळीकडे पसरलं. पुढे हजारो गुरांचे जनुकीय नमुने तपासले, तेव्हा पाचव्या गुणसूत्रावरचा त्याचा एक तुकडा बऱ्याच जणांत दिसला, पण प्रत्येकात एकच प्रत. आईकडूनही तोच, बापाकडूनही तोच, असं जनावर हिशेबाने निघायलाच हवं होतं. गाय आणि वळू दोघंही वाहक, म्हणजे एकेक प्रत बाळगणारे, म्हटलं की चारात एक. एकही निघालं नाही. हे 2011 मध्ये छापून आलं. मग कळलं की त्या तुकड्यात एपीएएफ1 हे जनुक मोडलेलं आहे. दोन्ही प्रती मोडक्या असल्या की भ्रूण पोटातच मरतं. गोठ्यात दिसतं ते एवढंच, की गाभण समजलेली गाय पुन्हा माजावर आली. दोष बिचाऱ्या गायीला नाहीतर रेतनाला!

म्हणजे बघ, माणूस दुधासाठी तो तुकडा वर खेचत होता आणि निसर्ग गर्भाशयात बसून खाली. एरवी ज्या पुराव्याला मी "विदा (डेटा) अपुरी" म्हणून बाजूला सारलं असतं, तो रिकामा रकानाच इथे साक्षीदार ठरला.

आता वाहक ओळखता येतात, त्यामुळे वाहकाशी वाहक जुळवत नाहीत. वासरं वाचतात. गंमत म्हणजे दोन मोडक्या प्रती एकत्रच येत नाहीत, तर निसर्गाला पकडायलाही काही उरत नाही, आणि एकेरी प्रत निवांत पुढच्या पिढीत जाते.

बाकी भेटीअंती. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू