निळा डाग म्हणजे गळती नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळती शोधायला थर्मल कॅमेरा घेऊन येणारे लोक आता मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांना नवे राहिलेले नाहीत. गाई-म्हशींची कास तपासायलाही तोच कॅमेरा वापरला जातो. उपकरण चांगलेच आहे. पण त्याचे रंगीत चित्र पाहून कमिटी लाखोंच्या दुरुस्तीला मान डोलावते, ते काळजीचे आहे.

हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही. ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातले अवरक्त किरण टिपून तो फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतो. ओलीतले पाणी उडताना भिंत अंश-दोन अंश गार होते, तो फरक चित्रात निळ्या रंगात उमटतो. म्हणजे पाणी उडायला तरी हवे! जुलैच्या दमट हवेत ते जवळजवळ उडतच नाही, आणि पाणी पाझरणारी भिंतही चित्रात सरसकट एकाच रंगाची दिसते. तपासणीची कामे मात्र नेमकी तेव्हाच निघतात. त्या दिवसांत पाहायचेच असेल तर आधी खोलीत अर्धा-पाऊण तास एसी किंवा पंखा चालू ठेवावा. त्याहून खात्रीची रीत म्हणजे पाऊस उघडल्यावर, बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी निघून जाण्याचे भोक, बंद करून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवणे आणि खालच्या घरातल्या छताची आधीची व नंतरची अशी दोन चित्रे एकाच जागेवरून घेणे. एकट्या चित्राला फारसा अर्थ नाही. बीम, कॉलम, भिंतीपलीकडचा एसीचा पाइप, हवा न फिरणारा कोपरा, हे सगळे निळे दिसू शकते. संशयाच्या जागी ओल मोजणारा मॉइश्चर मीटर लावलाच पाहिजे. त्यातही भिंतीला लोणा, म्हणजे क्षार, लागला असेल किंवा गिलाव्याखाली लगेच सळई असेल तर मीटर उगाच जास्त आकडा दाखवू शकतो.

गच्चीवर हिशेब उलटा होतो. दिवसभर तापलेला कोबा सूर्यास्तानंतर निवू लागतो. जिथे आत पाणी मुरले आहे ती जागा मात्र उशिरापर्यंत गरम राहते, कारण तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटपेक्षा पाणी चौपटीहून अधिक उष्णता साठवते. तेव्हा गच्चीवर निळा नव्हे, लाल पट्टा शोधायचा. दिवसा कडक ऊन पडलेले असावे, आभाळ निरभ्र, वारा कमी आणि वरचा पृष्ठभाग पूर्ण कोरडा. भर दुपारी गच्चीची ‘स्कॅनिंग’ करून देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. बाहेरच्या भिंतीला मात्र ऊन हवेच. सुटलेल्या गिलाव्यामागे पोकळी असते, उष्णता आत झिरपत नाही, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा लवकर तापतो.

सर्वात मोठी फसगत ऑटो रेंजमुळे होते. खोलीत एकूण फरक दीड अंशाचा असला तरी कॅमेरा तेवढ्यातच गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे रंग ताणून बसवतो आणि चांगली भिंतही भयंकर दिसते. म्हणून कडेच्या रंगपट्टीवरचे वरचे आणि खालचे आकडे आधी वाचावेत. अहवालात वेळ, खोलीचे व बाहेरचे तापमान, आर्द्रता आणि मीटरचे वाचन नसेल तर बिल थांबवावे. चकचकीत स्टील, काच आणि गुळगुळीत टाइल यांच्यावर बऱ्याचदा कॅमेरा धरणाऱ्याचीच ऊब परावर्तित होऊन दिसते. स्टीलचे तापमान हवेच असेल तर त्यावर काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवून टेपवर मोजावे.

गोठ्यातही हेच. बहुतेक कॅमेऱ्यांची अचूकता अधिक-उणे २ अंश असते, आणि दगडीच्या, म्हणजे कासदाहाच्या, सुरुवातीला कासेची त्वचा जेमतेम एक-दीड अंश तापते. त्यामुळे ‘३८ दाखवतोय’ याला किंमत नाही. त्याच जनावराच्या कासेचे चार कप्पे एकमेकांशी ताडून पाहायचे. चित्र धार काढण्यापूर्वी, सावलीत, अर्ध्या ते एक मीटरवरून आणि शक्यतो रोज एकाच वेळी घ्यावे. डुंबून आलेली म्हैस किंवा नुकतीच धुतलेली कास चालत नाही. पुसून, कोरडी करून अर्धा तास थांबावे. शेणाचा थर खरे तापमान झाकतो. गाय ज्या कुशीवर बसली होती ती बाजू काही काळ गरमच दिसते, एवढ्यावरून औषध सुरू केलेले आम्ही पाहिले आहे. फरक दिसला तर प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळे घेऊन, त्यात चाचणीचे तेवढेच द्रावण मिसळून सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही कासदाहाची चाचणी करावी. मिश्रण घट्ट, चिकट झाले तर पशुवैद्यकांना बोलवावे. प्रतिजैविक ठरवण्याचे काम कॅमेऱ्याचे नाही. लंगडणाऱ्या जनावराच्या खुरांनाही हीच डाव्या-उजव्याची तुलना लागू पडते. ताप मात्र केसाळ पाठीवर कळत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून अंदाज येतो, तरी खात्री गुदद्वारात लावलेल्या थर्मामीटरनेच करावी.

आपल्याकडेही एक विनंती. अशी चित्रे छापताना कडेची रंगपट्टी कापू नये, आणि ती जिथे नसेल ते चित्र छापू नये.

— एक स्थापत्य अभियंता व एक पशुवैद्यक, पुणे